हाय-फाय शोमध्ये आपण नेमकं काय ऐकतो? म्युनिक ते व्हिएन्ना, आणि मधला पैशांचा हिशोब

जगातल्या सगळ्यात मोठ्या हाय-फाय प्रदर्शनांपैकी एक असलेला जर्मनीचा 'हाय एंड' शो आता म्युनिक सोडतोय. १९८२ मध्ये डसेलडॉर्फला सुरू झालेला हा शो नंतर बरीच वर्षं फ्रँकफर्टजवळच्या एका हॉटेलात भरायचा आणि २००४ पासून म्युनिकच्या एमओसी या इमारतीत. मे २०२५ मध्ये तिथला शेवटचा शो झाला. आता ४ ते ७ जून २०२६ ला तो ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या ऑस्ट्रिया सेंटरमध्ये आहे.

म्युनिकच्या त्या शेवटच्या शोला मी दोन दिवस हजर होतो. सुमारे पाचशे प्रदर्शक, वीस हजारांहून जास्त लोक, आणि पुण्यात फ्लॅट येईल एवढ्या किमतीचे स्पीकर. ते सगळं बघून जे डोक्यात राहिलं ते असं: अशा शोमध्ये उपकरणं ऐकायला जातो खरं, पण ऐकू भलतंच काहीतरी येतं. आणि हे समजून घेणं व्हिएन्नाला जाणाऱ्यांपेक्षा इथे घरी ५० हजारांत सिस्टम घ्यायला निघालेल्या माणसाला जास्त उपयोगाचं आहे, कारण शोरूममध्येही अगदी हेच होतं.

पहिली गोष्ट: तुम्ही खोली ऐकता

शोमध्ये प्रत्येक कंपनीला एक खोली मिळते. कुणाला काचेची भिंत असलेली, कुणाला हॉलमध्ये उभी केलेली तात्पुरती केबिन. एकच स्पीकर या दोन ठिकाणी ठेवला तर दोन वेगळे स्पीकर वाटावेत इतका फरक पडतो, विशेषतः बेसमध्ये. याचं कारण साधं फिजिक्स आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर जेव्हा लाटेच्या लांबीच्या बरोबर निम्मं होतं, तेव्हा ती फ्रिक्वेन्सी खोलीत अडकून घुमते. याला रूम मोड म्हणतात. आपल्याकडची नेहमीची बेडरूम घ्या, १० बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ फूट. १२ फुटांच्या बाजूचा पहिला मोड येतो ४७ हर्ट्झला, १० फुटांचा ५६ ला आणि उंचीचा ५९ ला. म्हणजे तिन्ही मोड एकमेकांना खेटून! बेस गिटारचे आणि किक ड्रमचे सूर नेमके याच पट्ट्यात असतात. एखादा सूर धाडकन अंगावर येतो आणि त्याच्या शेजारचा गायब होतो. खुर्ची दोन फूट मागे सरकवली की चित्र पुन्हा बदलतं.

या चढउतारांत १०-१५ डेसिबलचा फरक सहज पडतो. आता तुलना करा: दोन चांगल्या अँप्लिफायरमधला फरक बहुतेक वेळा एका डेसिबलच्या छोट्या अंशात मोजावा लागतो. त्यामुळे "त्या खोलीतला अँप जास्त भरदार वाटला" या वाक्यातला भरदारपणा बहुतेक वेळा त्या खोलीचाच असतो.

दुसरी गोष्ट: तुम्ही व्हॉल्यूम ऐकता

आवाज एक डेसिबलने वाढवायला २६ टक्के जास्त पॉवर लागते, पण ऐकताना "आवाज मोठा झाला" असं चटकन लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं की आवाज जास्त स्वच्छ झाला, गायिका पुढे आली, तबल्याला जान आली. मुद्दाम असो वा नसो, महागडं उपकरण किंचित मोठ्याने वाजलं की ते जिंकतं.

म्हणून कुठलीही गंभीर तुलना करताना आधी दोन्हींची लेव्हल मल्टीमीटरने जुळवतात, साधारण ०.१ डेसिबलपर्यंत, म्हणजे व्होल्टेजमध्ये जेमतेम सव्वा टक्का फरक चालतो. नॉब हाताने फिरवून, कानाने अंदाज घेऊन हे जमत नाही. शोमध्ये मी बऱ्याच खोल्यांत "आता हा ऐका, आता तो ऐका" असे डेमो ऐकले. मल्टीमीटर मात्र एकाही खोलीत दिसला नाही.

यात आणखी एक भर असते ती डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीत एक प्रयोग केला. चाळीस श्रोते, चार स्पीकर. एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, एकदा समोर दिसत असताना. समोर दिसल्यावर मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त स्पीकरचे घटले. इतकंच नाही, स्पीकरची जागा बदलल्याने प्रत्यक्षात पडणारा फरकही लोकांना नीट ओळखू येईना. हे श्रोते रस्त्यावरचे लोक नव्हते, ऑडिओ कंपनीचेच कर्मचारी होते.

यात कुणी खोटं बोलत नसतं. मेंदू डोळे, कान आणि किमतीचं लेबल अशी सगळी माहिती एकत्र करूनच अनुभव तयार करतो. फक्त त्या अनुभवाचं सगळं श्रेय उपकरणाला देऊन आपण चेक फाडतो, तिथे गडबड होते.

केबलचा हिशोब, एकदाच

अशा शोमध्ये केबलचे वेगळे स्टॉल असतात आणि तिथल्या किमती पाहिल्या की दोनदा शून्यं मोजावी लागतात. इंजिनीअर म्हणून मला इथे फक्त ओहमचा नियम आठवतो.

घरातल्या वायरिंगला वापरतात ती २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेऊ. तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७ मिलिओहम. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ४१ मिलिओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे होणारा तोटा ०.०४५ डेसिबल. वर म्हटलं ना, की तुलना करताना ०.१ डेसिबलपर्यंत लेव्हल जुळवतात? हा तोटा त्याच्याही निम्म्याहून कमी आहे.

पॉवर केबलचं तर विचारूच नका. महावितरणची वीज किलोमीटरच्या किलोमीटर तारांमधून, ट्रान्सफॉर्मरमधून, मीटर बॉक्समधून, बिल्डरने टाकलेल्या वायरमधून प्लगपर्यंत येते. त्यातला शेवटचा दीड मीटर सोन्याचा केला तरी आधीच्या प्रवासाला काही फरक पडत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फार बारीक वायर पंधरा-वीस मीटर ओढली तर फरक पडतो. व्हॉल्व्हवाल्या काही अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यांचा आवाज स्पीकरप्रमाणे खरोखर बदलतो आणि तो मोजताही येतो. म्हणजे "सगळं सारखंच असतं" हेही चुकीचं. प्रश्न एवढाच विचारायचा: फरक आहे तर किती, आणि तो कानाला कळेल इतका आहे का?

डिजिटलमध्ये शर्यत कधीच संपलीये

सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. शहरातली बंद खोली रात्रीसुद्धा ३०-३५ डेसिबलची असते. म्हणजे सीडीची पूर्ण रेंज ऐकायची तर आवाज १२५ डेसिबलच्या पुढे न्यावा लागेल. कान त्याआधी जातील.

२००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी बोस्टनमध्ये हाय-रिझोल्युशन प्लेअरच्या वाटेत गुपचूप सीडी दर्जाचा टप्पा घातला आणि लोकांना फरक ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर. थोडक्यात, नाणं उडवल्यासारखं. या प्रयोगावर टीकाही झाली. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर निघालं. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते आणखी वाढलं. म्हणजे फरक शून्य नाही, पण अतिशय बारीक आहे. त्यासाठी कुणी दहापट पैसे मागत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

डॅक, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारं यंत्र, हेही असंच. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जॅकचा छोटा डोंगल मोजमापात इतका स्वच्छ निघतो की साध्या हेडफोनसाठी त्यापुढे जायची गरज नाही. शोमध्ये लाखो रुपयांचे डॅक असतात. त्यांची बांधणी, नॉबचा स्पर्श, जाड अ‍ॅल्युमिनियमची पेटी सुंदर असते, यात शंका नाही. ते घड्याळासारखं आहे. महागडं स्विस घड्याळ वेळ जास्त बरोबर दाखवतं म्हणून कुणी घेत नाही. हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही मोकळेपणाने मान्य केलं की माझी तक्रार संपली.

विश्वासाला तडा गेला तो असा

पण मोकळेपणाचाच तर प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांतली दोन प्रकरणं बघा.

पहिलं मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं. पूर्णपणे अ‍ॅनालॉग, थेट मास्टर टेपवरून केलेल्या रेकॉर्ड म्हणून त्यांचे एलपी प्रसिद्ध होते आणि महाग विकले जायचे. २०२२ मध्ये फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने हा विषय चव्हाट्यावर आणला आणि कंपनीच्या इंजिनीअर्सनी कबूल केलं की मध्ये डिजिटल टप्पा असतो, आणि तो २०११ पासून वापरात होता. कोर्टात प्रकरण गेलं, अडीच कोटी डॉलरच्या परतफेडीवर तडजोड झाली.

यातली खरी गंमत वेगळीच. "डिजिटल आम्हाला लगेच कळतं" म्हणणारे जगभरातले जाणकार याच रेकॉर्डना इतकी वर्षं अ‍ॅनालॉगचा आदर्श म्हणून गौरवत होते. कुणाच्याच कानाला ते कळलं नाही. यावरून रेकॉर्ड वाईट होत्या असं ठरत नाही. उलट डिजिटल टप्पा किती चांगला होता हेच ठरतं! फसवणूक झाली ती लेबलवर.

दुसरं एमक्यूए. २०१४ च्या शेवटी मेरिडियन कंपनीने आणलेला हा फॉरमॅट. स्टुडिओतला आवाज छोट्या फाइलमध्ये घरी, असा दावा होता. प्रत्यक्षात तो लॉसलेस नव्हता आणि त्यासाठी डॅक बनवणाऱ्यांपासून सगळ्यांनी लायसन्स घ्यायचं होतं. एप्रिल २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याच वर्षी कॅनडाच्या लेनब्रूकने ती विकत घेतली आणि २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए काढून टाकलं. ज्यांनी त्या लोगोसाठी जास्त पैसे मोजून डॅक घेतला, त्यांच्या हातात राहिला तो एक रंगीत दिवा.

मग बाजारात चाललंय काय?

शोमधले आकडे बघून वाटेल की धंदा जोरात आहे. कंपन्यांचे व्यवहार मात्र वेगळं सांगतात.

बोवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मॅरांट्झ, पोल्क ही नावं एका छताखाली आणणारी साउंड युनायटेड कंपनी मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने २०२२ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. २०२५ मध्ये तीच हार्मनला विकली, ३५ कोटी डॉलरला. तीन वर्षांत किंमत एक तृतीयांश! हार्मन २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे आणि जेबीएल, एकेजी, मार्क लेव्हिन्सन आधीच तिच्याकडे आहेत. तिकडे बोसने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅकिन्टॉश ग्रुप घेतला, आणि त्यासोबत इटलीची सोनस फाबेरही.

माझ्या मते याचा अर्थ असा की मधला गिऱ्हाईक निसटलाय. पूर्वी पगारदार माणूस हॉलसाठी चांगला अँप आणि स्पीकरची जोडी घ्यायचा. आता तो टीव्हीखाली साउंडबार आणि कानात ब्लूटूथ बड्स घेतो. उरले कोण? वरच्या टोकाचे थोडे श्रीमंत लोक. मग कंपन्या त्यांच्यासाठीच आणखी महाग वस्तू काढतात. शोमधल्या वाढत्या किमती मला भरभराटीपेक्षा आकसणाऱ्या बाजाराची खूण जास्त वाटतात. आणि मोठ्या कंपन्यांना ही जुनी नावं हवीत ती मुख्यतः कारच्या डॅशबोर्डवर आणि हेडफोनवर लावायला.

त्याच वेळी ऐकण्याचा दर्जा मात्र स्वस्त झालाय. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये लॉसलेस जादा पैसे न घेता दिलं. स्पॉटिफायने २०२१ मध्ये घोषणा करून सप्टेंबर २०२५ मध्ये ते आणलं. अर्थात नेहमीच्या ब्लूटूथ बड्सवर लॉसलेस पोचतच नाही, वाटेत ते पुन्हा दाबलं जातं. त्यासाठी वायर किंवा वाय-फाय लागतं.

मग शोमध्ये खरं नवीन काय?

आहे की! फक्त त्यासमोर रांगा लहान असतात.

एक, क्लास-डी अँप्लिफायर. ब्रूनो पुत्झेस या बेल्जियन इंजिनीअरने आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्समध्ये आणि आता प्युरिफायमध्ये जे काम केलंय, त्यामुळे तळहाताएवढं मॉड्यूल शेकडो वॅट देतं, फारसं तापत नाही आणि त्याचं डिस्टॉर्शन ऐकू येण्याच्या मर्यादेच्या खूप खाली राहतं. ४० किलोचा अँप ही आता तांत्रिक गरज राहिलेली नाही.

दोन, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप आणि आत डिजिटल प्रोसेसर. डच अँड डच ८सी किंवा की थ्री यांसारखे स्पीकर मागच्या बाजूला जाणारा आवाज बराच कमी करतात, त्यामुळे मागच्या भिंतीचा त्रास घटतो. म्हणजे ज्या खोलीच्या प्रश्नाने आपण सुरुवात केली, त्यावर हे थेट काम आहे.

तीन, रूम करेक्शन. स्वीडनचं डिरॅक, जेनेलेकचं जीएलएम. माइक ठेवून खोली मोजायची आणि घुमणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी करायच्या. खोलीत पडलेले खड्डे याने पूर्ण भरत नाहीत, पण उंचवटे छान कापले जातात. हे तंत्र आता मध्यम किमतीच्या रिसीव्हरमध्येही येतं.

ही तिन्ही कामं मोजून सिद्ध करता येतात आणि दरवर्षी स्वस्त होताहेत.

तुम्ही दुकानात काय करायचं

पैशांचा क्रम असा ठेवा: आधी स्पीकर, मग खोली आणि मांडणी, मग अँप, शेवटी डॅक. केबलला इलेक्ट्रिकलच्या दुकानात काही शे रुपये.

अँपच्या वॅटला भुलू नका. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीची स्पीकरची जोडी बेडरूममध्ये ७५ डेसिबलवर वाजते तेव्हा सरासरी एक वॅटही लागत नाही. अचानक येणाऱ्या २० डेसिबलच्या उसळीला शंभरपट पॉवर लागते, तरी हिशोब २५ वॅटच्या आसपास येतो. ५० प्रामाणिक वॅट पुरेसे आहेत.

डेमोला त्यांची गाणी ऐकू नका. शोमध्ये सगळीकडे तेच असतं: हळू आवाजातली जॅझ गायिका, एक डबल बेस, खूप मोकळी जागा. ती मोबाईलवरही छान वाटते. तुमची तीन गाणी न्या. तानपुरा असलेलं काहीतरी एक न्या, कारण तो सतत वाजतो आणि हार्मोनिक्सनी भरलेला असतो, ट्वीटर कर्कश असेल तर दोन मिनिटांत कंटाळा येतो. तबल्याचा बायाँ नीट ऐका, प्रत्येक घुमारा वेगळा कळतोय की नुसतं 'बूम' होतंय? आणि गर्दीचं एखादं सिनेमाचं गाणं न्या, ज्यात ढोलकी, कोरस, व्हायोलिन सगळं एकदम आहे. भीमसेनजींचं जुनं रेकॉर्डिंगही ऐका, पण लक्षात असू द्या, माइकने तेव्हा जे टिपलंच नाही ते कुठलंही यंत्र आज परत आणू शकत नाही.

दोन उपकरणं तुलनेला लावली तर फोनवर साउंड मीटर अ‍ॅप उघडा आणि लेव्हल जुळवायला सांगा. अ‍ॅप मल्टीमीटरइतकं अचूक नाही, पण मोठी चलाखी पकडतं. दुकानदार वैतागला तर तीही एक माहितीच आहे. घरी आणून ऐकायची किंवा परत करायची सोय आहे का, हे आधी विचारा, कारण शेवटी तो स्पीकर तुमच्याच १० बाय १२ मध्ये वाजणार आहे.

आणि आवाज जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. प्रत्येक तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. स्पीकर, अँप, डॅक सगळं बदलून मिळतं. कान मिळत नाहीत.